दुपारी तुटणारी लाईन

लाईन रोज दुपारी एकच्या सुमारास तुटायची आणि मला बरं वाटायचं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसानं असं बोलू नये, हे मला कळतं. पण ती केबल टाकली होती मगननानांच्या इलेक्ट्रिक खात्यानं, आणि मगननानांच्या हातचं काहीही बिघडलं की त्या दिवशीचं जेवण मला गोड लागायचं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. धुळ्याबाहेरच्या एका सूतगिरणीत मी नोकरीला होतो. ऑफिसात युनिक्सवर चालणारं मोठं मशीन होतं, त्याला सगळे सर्व्हर म्हणायचे. तिथून बोटाएवढी काळी केबल निघायची, आवारातल्या निंबाच्या झाडांवरून प्रयोगशाळेत जायची आणि तिथून पुढे मिक्सिंगच्या हॉलमध्ये संपायची. प्रयोगशाळेत कापसाच्या तंतूंची लांबी आणि ताकद मोजायची, आकडे मशीनवर चढवायचे, आणि ते आकडे बघून मिक्सिंगवाल्यांनी कापसाच्या कोणत्या गाठी कशात मिसळायच्या ते ठरवायचं. लाईन तुटली की मिक्सिंगवाले अंदाजपंचे गाठी फोडत, आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक निघे.

हे सुरू झालं अखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी. अखाजीला गिरणी तीन दिवस बंद होती. मी मित्राच्या लग्नाला जळगावला गेलो होतो. सोमवारी सकाळी सगळं सुरळीत चाललं, आणि दुपारी प्रयोगशाळेतल्या लताबाईंचा फोन आला.

"कौतिकभाऊ, गेली बघा तुमची लाईन."

"माझी नाही बाई, मगननानांची."

"कोणाची का असेना. माझे चाळीस नमुने पडलेत इथं. साहेब मला विचारतात."

पाच वाजता ऊन कललं की लाईन आपोआप यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

आता मगननानांचं सांगतो. माझे वडील, चिंधा, याच गिरणीत त्यांच्या हाताखाली हेल्पर होते. ऐंशी साली वडील खांबावर चढलेले असताना खाली कोणीतरी फ्यूज टाकून वीज सोडली. उजव्या हाताची तीन बोटं जळाली आणि वडील वरून पडले ते कमरेवर. मगननानांनी रिपोर्ट लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: "सदर कामगार मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत खांबावर चढल्याने अपघात झाला."

माझ्या वडिलांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. जळगावजवळच्या आमच्या असोद्यात शिमग्याला निम्मा गाव झिंगलेला असायचा, तेव्हा हा माणूस दार लावून भजनाची वही काढून बसायचा. पण गिरणीतून काढल्याचा कागद गावात यायला वेळ लागत नाही. कमरेमुळे ते एका पायावर भार देऊन चालत, आणि पारावरची माणसं हसून म्हणत, "चिंधा, आज सकायपासूनच का?" लग्नाच्या पंगतीत त्यांना कडेला बसवत. पहिल्यांदा त्यांनी लोकांना समजावलं, मग भांडले, मग पंगतीला जाणंच सोडलं. सहा वर्षांनी गेले. मौतीला आलेल्या एका नातलगानं माझ्यादेखत दुसऱ्याला सांगितलं की यकृत गेलं असणार.

मी डिप्लोमा केला तेव्हा जळगावातच नोकरी मिळत होती. मी हट्टानं इथं अर्ज केला. आई, धुरपदाबाई, म्हणाली होती, "तठी कशाले जातो? मगनचं वाटोळं नको मले. त्यानं चार मान्सांत तोंडानं सांगावं, का चिंधा पेलेला नव्हता. बस." मी हो हो म्हणालो. मला मात्र वाटोळंच हवं होतं. तीन वर्षं मी त्या माणसाला रोज "नमस्कार नाना" म्हटलं. खान्देशात दुश्मनालाही नाना म्हणावं लागतं. तोंडात नाना आणि पोटात शिवी, असा माझा नेम होता. त्यांना मी चिंधाचा मुलगा हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी वडिलांचं नाव कधी काढलं नाही आणि माझ्या नजरेला नजर कधी दिली नाही.

तीस जूनला ते निवृत्त होणार होते. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं ठरलं होतं. तीन वर्षांत माझ्या हाताला काही लागलं नव्हतं, आणि आता दोन महिन्यांत म्हातारा निसटणार म्हणून मी दातओठ खात होतो. नेमकी तेव्हाच लाईन तुटायला लागली.

तिसऱ्या दिवशी जनरल मॅनेजर राजहंस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हा माणूस कागदावर जगणारा.

"शुक्रवारपर्यंत मला रिपोर्ट पाहिजे. काय झालं आणि कोणामुळे झालं. मला कारणापेक्षा नाव पाहिजे."

मी म्हणालो, "नाव मिळेल साहेब."

अशा बिघाडाला घाई केली की माणूस तोंडावर पडतो. मी घरापासून बाहेर जायचं ठरवलं, म्हणजे आधी स्वतःचं मशीन आणि मग शेजाऱ्याचं. सर्व्हरवरून त्याच्या स्वतःलाच पिंग मारला. पिंग म्हणजे हाक. समोरचं मशीन जिवंत असेल तर ओ देतं. सर्व्हरनं स्वतःला ओ दिली. प्रयोगशाळेला हाक मारली, तर पडद्यावर काही नाही. नुसता चौकोन लुकलुकत राहिला. पत्त्यांची फाईल उघडून बघितली, पत्ते बरोबर होते. मशीनमधलं नेटवर्कचं कार्ड बदललं, काही फरक नाही. पाठवलेल्या आणि आदळून परत आलेल्या माहितीच्या पाकिटांचा हिशेब सिस्टीम देते, तो बघितला. सकाळी आठला आदळाआदळ नाममात्र आणि दुपारी दीडला आकडा भराभर वर चढलेला. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, दुखणं तारेत होतं. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसलो.

मग मीटर घेतलं. या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक बूच असतं, आत पन्नास ओहमचा रोध. केबल अखंड असेल तर मीटर पंचवीस दाखवतं, मध्ये कुठे तुटली असेल तर पन्नास. सकाळी मोजलं, पंचवीस. दुपारी मोजलं, पन्नास. ऊन चढलं की आतली तार सरकून वेगळी होत होती, आणि थंडावली की पुन्हा टेकत होती. प्रयोगशाळेत जाऊन केबल सोडली आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्या. मिक्सिंगकडची बाजू धड होती. ऑफिसकडची गेलेली होती. मधल्या सत्तर मीटरमध्ये निंबाची झाडं सोडून दुसरं काही नव्हतं.

बेचाळीस डिग्रीच्या उन्हात शिडी लावून मी एकेक झाड तपासत गेलो. तिसऱ्या झाडाच्या आडव्या फांदीवर मगननानांनी पंधरा फुटांचा जादा वेटोळा ठेवलेला होता. पुढे-मागे लागेल म्हणून जादा वायर ठेवायची, ही जुन्या वायरमनची रीत. तो वेटोळा मी उलगडला, तर एका जागी केबल पिळवटलेली होती, गाठ मारून सोडल्यासारखी. वरचं काळं कवच शाबूत, पण बोटानं दाबलं की आत पोकळ लागत होतं. दुखणं सापडलं. फक्त ते कोणाच्या गळ्यात बांधता येईल असं दिसत नव्हतं.

जेवायला गिरणीच्या आवारातल्याच क्वार्टरवर गेलो. आई माझ्याजवळच राहायची, आणि पहूरला दिलेली माझी बहीण बेबा अखाजीला आलेली ती आंबे संपेपर्यंत मुक्कामाला होती. मी ताटावर बसल्या बसल्या वैतागून म्हणालो, "कोणी गाढवानं झाडावरच्या काळ्या केबलला गाठ मारलीय कोण जाणे."

बेबा हसायलाच लागली. "अरे भाऊ, ती कायी दोरी? तिचाच त आम्ही झोका बांधला व्हता! घरचा दोर फांदीले पुरे ना. वर ती रिकामीच गुंडायेल व्हती. तिचे दोन पदर केले आन् त्यात दोर अडकवला. क्वार्टरातल्या बठ्ठ्या बाया बसल्या. मी आन् वहिनी त जोडीनं." वहिनी म्हणजे शेजारच्या फिटरची बायको. "मंग सोडून जशी व्हती तशी ठेवून देली. काहून, काही झालं का?"

मी हातातला घास ताटात ठेवला. माहेरवाशिणीनं अखाजीला झोका नाही खेळायचा तर कधी खेळायचा? आणि फांदीवर रिकामी दोरी दिसल्यावर इकडची कोणती पोर सोडेल? तीन दिवस मी ज्याला शोधत होतो तो माझ्याच ताटासमोर बसून आंबा चोखत होता.

"काही नाही झालं," मी म्हणालो. "पण हे कोणाला बोलू नका."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय करू राह्यला तू?"

"नोकरी," मी म्हणालो आणि उठलो.

शिडीवर परत चढेपर्यंत माझा विचार पक्का झाला होता. खराब झालेला दीड फूट मी कापून काढला, दोन्ही टोकांना नव्या पिना बसवून जोड दिला आणि खाली येऊन मोजलं, पंचवीस. सर्व्हरवरून हाक मारली आणि भर दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेनं ओ दिली, ओळीमागून ओळ, एकही न चुकता. दुसरा कोणी असता तर चहा मागवला असता. मी कॉम्प्युटरच्या खोलीचं दार आतून लावलं, कापलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि पक्कड घेतली. पिळवटलेल्या जागी पक्कड दाबली. पुन्हा दाबली. दात कवचात रुतले, आतलं जाळं उघडं पडलं. दोन मिनिटांचं काम. हात थरथरला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी मला विचारलं.

मग रिपोर्ट लिहायला बसलो. "सदर केबल हेतुपुरस्सर इजा केलेल्या अवस्थेत आढळली. इजा पक्कडीची आहे. सदर उंचीवर शिडी लावून जाण्याची मुभा केवळ इलेक्ट्रिक खात्यास आहे. सदर खात्याचे प्रमुख यांनी संगणकीकरणास वेळोवेळी विरोध दर्शविलेला आहे." शेवटचं वाक्य तर खरंच होतं, या डबड्यांमुळे माणसांचं काम जाईल असं मगननाना कॅन्टीनमध्ये उघड बोलत. बाकी सगळं खोटं. लिहिताना मला माझ्या वडिलांच्या रिपोर्टातले "सदर" आठवत होते आणि मी एकेक "सदर" चवीनं लिहीत होतो.

शुक्रवारी राजहंस साहेबांनी मगननानांना बोलावलं. मीही होतो. साहेबांनी रिपोर्ट वाचून दाखवला आणि तुकडा पुढे सरकवला. आता म्हातारा आकाशपाताळ एक करेल, शपथा खाईल, साहेबांचे पाय धरेल, या आशेवर मी उभा होतो. मगननानांनी तुकडा हातात घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. आणि साहेबांना म्हणाले, "कुठे सही करायची?"

त्यांना त्याच दिवशी निलंबित केलं. निरोप समारंभ रद्द झाला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांची पिशवी तपासली, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. हे मी खिडकीतून बघितलं. पोटभर बघितलं. पण संध्याकाळी घरी जाताना मला उगाच काहीतरी विसरल्यासारखं होत होतं.

घरी आईच्या कानावर आधीच गेलं होतं. क्वार्टरातल्या बाया बोलतातच. ती ताट वाढायला उठली नाही.

"झोक्यानं तुटली ना ती दोरी?"

"हो."

"मंग जो खोटा आय तुह्या बापावर आला, तोच तू दुसऱ्यावर घातला?"

"दुसऱ्यावर नाही, त्याच माणसावर."

ती पाठ फिरवून भांडी आवरायला लागली. त्या पाठीकडे बघून मला आणखी चीड आली. कोणासाठी केलं मी हे सगळं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मगननाना दारात उभे. मला वाटलं, आले भांडायला. मी ओट्यावर आलो, बाह्या सारून. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा होता की मी गोंधळलो. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. लग्नाला निघालेल्या माणसासारखे.

"बस रे कौतिक," ते म्हणाले आणि स्वतःच पायरीवर बसले. "काल मी झोपनू. तेरा वरीसमा असा झोपनू नव्हतू."

मला काही कळेना.

"तो तुकडावर पक्कडना दात ताजा शेतस. अठ्ठावीस वरीस पक्कड धरेल शे मी, माले समजस. तू बनावट करी."

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुना बाप पेयेल नव्हता. फ्यूज मीच टाका व्हता. तो खांबावर शे, हाई मी इसरी गयथू. मनी नोकरी जाई म्हनीसन तसं लिखी टाकं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, आवाजही कापला नाही. हलकेच बोलत होते, पाणी प्यायल्यावर माणूस बोलतो तसं. "रोज वाटे, कोनी तरी माले शिक्षा दे. कोनी दिधी नही. तू दिधी. मी तुनावर खोटं लिखं, तू मनावर खोटं लिखं. फिटी गयं भाऊ. आते मी मोकया."

"हेच चार माणसांत सांगाल?" मी विचारलं.

"आते कसाले?" ते उठत म्हणाले. "ज्यानं त्यानं भोगी लिधं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. मी मागे सरकलो. ते हसले आणि फाटकाकडे न जाता मारुतीच्या देवळाच्या वाटेनं गेले, हात मागे बांधून, रमतगमत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो तो माणूस माझ्यामुळे सुखानं झोपला होता! माझ्या वडिलांना सहा वर्षं झोप नव्हती, ते ओट्यावर बसून राहायचे. आणि याला मी माझ्या हातानं, माझ्या सहीनं, मोकळं करून दिलं. वरून खोटारडा कोण झालो? मी. मी रिपोर्ट लिहिला नव्हता, त्याला गंगास्नान घातलं होतं.

त्या पायरीवर बसून मी विचार केला की या माणसाची झोप परत कशी काढून घ्यायची. एकच मार्ग होता, आणि तो सुचल्यावर मी चप्पल घालून सरळ निघालो, चहासुद्धा न घेता.

राजहंस साहेब नुकतेच येऊन बसले होते. मी म्हणालो, "साहेब, माझा रिपोर्ट खोटा आहे. केबल आमच्या घरच्या बायकांनी अखाजीचा झोका बांधल्यानं तुटली. पक्कडीच्या खुणा मी केल्या. मगननानांचा काही दोष नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "झोका?"

"हो साहेब. झोका."

"मग तुम्ही हे आधी का केलं आणि आता का सांगताय?"

"मगननानांना झोप लागायला लागली म्हणून," मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नाही, कळणारही नव्हतं. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. मी तेरा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टाचंही सांगितलं. ते म्हणाले, त्याला पुरावा काय? आणि स्वतः खोटा रिपोर्ट लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच्या रिपोर्टावर बोट ठेवू नये. ते बरोबर होतं. मला तीस जूनपर्यंत नव्या माणसाला सगळं शिकवून राजीनामा द्यायला सांगितलं; पोलिसांत दिलं नाही, हे त्यांचे उपकार.

मगननानांना मानानं परत बोलावलं. गिरणीच्या गाडीतून आणलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. अन्याय झालेला माणूस म्हणून जो तो त्यांचा हात हातात घ्यायला लागला, कॅन्टीनवाला चहा घेऊन स्वतः यायला लागला. मी रोज बघत होतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी दाढी करणं सोडलं. दुसऱ्या आठवड्यात एकदा प्रयोगशाळेच्या वाटेवर मला गाठून म्हणाले, "का केलंस रे हाई? माले ऱ्हाऊ देता ना तसाच." मी म्हणालो, "नाना, तुमचा दोष नव्हता ना. मी खोटं कसं राहू देऊ?" इतकं गोड मी जन्मात बोललो नव्हतो. नव्या माणसाला पिंग आणि मीटर शिकवताना मी शीळ घालत होतो.

निरोप समारंभ आधी ठरला होता त्याच्या दुप्पट मोठा झाला. तीस जून, दुपारी चार, मिक्सिंग हॉलसमोर मांडव. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो, नोकरीचा माझाही शेवटचा दिवस होता. आई म्हणाली, "मी बी येते." मी नको म्हणालो, ती आलीच, आणि बायांच्या बाजूला खांबाजवळ बसली. राजहंस साहेब बोलायला उभे राहिले. "अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत," ते म्हणाले, "ज्यांच्यावर एकही डाग नाही."

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी सुरू केल्या आणि सगळे थांबल्यावरही वाजवत राहिलो, मगननानांकडे बघत. शाल त्यांच्या खांद्यावरून दोनदा घसरली. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते माईक धरून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, मग त्यांची नजर बायांच्या बाजूला गेली आणि तिथंच थांबली. माझी आई तिथं मान वर करून बसली होती.

"डाग शे," मगननाना म्हणाले. माईक किरकिरला. "चिंधा असोदेकर पेयेल नव्हता. फ्यूज मी टाका व्हता. मी खोटं लिखं."

मांडवातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "केवढं मोठं मन!" आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. माणसं उभी राहिली. राजहंस साहेबांनी त्यांना मिठी मारली. माझ्या बापाला मारणारा माणूस आता कबुली देऊनही मोठा झाला होता! माझे हात मांडीवर तसेच पडले. मला ओरडायचं होतं की अरे मूर्खांनो, ही वाजवायची गोष्ट आहे का?

आई उठून माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. नवी नवरी असताना हसत असेल तशी.

"ऐकलं ना बठ्ठ्याईनं?"

"ते त्याच्यासाठी टाळ्या वाजवतायत, आई."

"वाजवू दे," ती म्हणाली. "ऐकलं ना पन?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती असोद्याला गेली. पारावर थांबली, मग घराघरात जाऊन तिनं सांगितलं, ज्यांनी ज्यांनी माझ्या वडिलांना पंगतीत कडेला बसवलं होतं त्यांच्या चुलीपुढे बसून सांगितलं. काही घरांतली ती माणसं मेली होती, तर त्यांच्या सुनांना सांगितलं. चार दिवसांनी परत आली ती आवाज बसलेला घेऊन.

मगननाना पुढच्या पावसाळ्यात वारले. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलानं सांगितलं. मी मौतीला गेलो नाही. आई गेली.